एक दिवसाचं देणं

न्यूझीलंडहून परत आल्यापासून कऱ्हाडात जो भेटतो तो विचारतो, "काय काय पाहिलंत?" मी सांगते, "बटाटे काढले." माणसं हसतात आणि पुढचे प्रश्न विचारतात. बर्फाचे डोंगर पाहिलेत का? गरम पाण्याचे झरे? तेही पाहिले, लांबून. पण तिथल्या सहा महिन्यांतले जे पाचसहा दिवस मला तासातासानं आठवतात, ते एका म्हाताऱ्या माणसाचं एक दिवसाचं देणं फेडायला गेलो, ते.

जॉन्सनव्हिल

२००६ च्या जानेवारीत आम्ही दोघं मुलाकडे गेलो. मंदार आणि सूनबाई अनुजा दोघंही कॉम्प्युटरवाले. वेलिंग्टन शहराच्या उत्तरेला जॉन्सनव्हिल नावाचं उपनगर आहे, तिथे चढावर त्यांचं लाकडी घर. वारा असा की दोरीवर घातलेली चादर दोनदा खालच्या आळीतून उचलून आणली. सकाळी आठला सगळे बाहेर पडत. नात ईरा संध्याकाळी शाळेतून आली की मी मराठीत बोलायची आणि ती इंग्रजीत उत्तरं द्यायची. दिवसभर घरात आम्ही दोघंच. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, मी शाळेतून. दोघांनाही रिकामं बसायची सवय नाही.

कुंपणापलीकडे सँडी राहायचे. ऐंशी वर्षांचे, उंच, किंचित वाकलेले. बायको वारलेली, मुलगी ऑस्ट्रेलियात पर्थला. तिकडे लहानथोर सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण ऐंशी वर्षांच्या माणसाला नुसतं 'सँडी' म्हणायला माझी जीभ वळेना. मी 'सँडीकाका' म्हणू लागले. काका म्हणजे काय, हे त्यांनी विचारून घेतलं आणि मग तसंच चालू ठेवायला सांगितलं.

पहिल्याच आठवड्यात मी कुंपणावरून शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. दुसऱ्या दिवशी डबा परत आला तो बागेतल्या पालेभाजीनं गच्च भरून. आपल्याकडेही रिकामा डबा परत करत नाहीत, तेव्हा मला बरं वाटलं. डबा हातात देताना ते म्हणाले, "तरी आय्‌म ऑविन यी."

संध्याकाळी मंदारला विचारलं. तो म्हणाला, "आई, त्यांचं निम्मं बोलणं कुणालाच कळत नाही. 'ओइंग' म्हणाले असतील, तुझं देणं लागतो म्हणून."

तसंच होतं. फक्त ते स्कॉटलंडच्या खेड्यातलं बोलणं होतं. चोविसाव्या वर्षी ते बोटीनं इकडे आले आणि दक्षिणेकडच्या एका शेतावर कामाला लागले. घरी बायकोशी ते आपल्या बोलीत बोलायचे. ती गेल्यावर ते शब्द ऐकायला कोणी उरलं नव्हतं. मी विचारते आहे म्हटल्यावर त्यांना उधाण आलं. मी वही केली. खानावळीत किंवा दारूच्या गुत्त्यात उठताना द्यायचा हिशेब म्हणजे 'लॉइन'. कर्ज बुडवून बसलेला माणूस म्हणजे 'डायव्हर'. त्यांची आई हा शब्द आळशी पोरांनाही वापरायची. देणेकऱ्यासाठी त्या लोकांनी केवढे शब्द केलेत, असं मी म्हटलं, तर म्हणाले, "गरिबांची भाषा आहे. जे जवळ असतं त्यालाच नावं पडतात." आमचं बोलणं सगळं इंग्रजीत व्हायचं. मला जसं समजलं तसं मराठीत लिहिते आहे.

एप्रिलमध्ये ते एक दिवस कुंपणाशी न थांबता सरळ दारात आले. घर विकलं होतं. मेअखेर पर्थला मुलीकडे कायमचं जायचं ठरलं होतं. डॉक्टरांनी गाडी चालवायला मनाई केली होती.

"मला त्याआधी दक्षिणेला जायचंय," ते ह्यांना म्हणाले. "तुम्ही गाडी चालवता ना? पेट्रोल, बोटीचं भाडं, राहणं, सगळं माझं."

"काय काम आहे?" ह्यांनी विचारलं.

"एक दिवसाचं डार्ग राहिलंय."

डार्ग म्हणजे एका माणसाचं दिवसभराचं काम. चाळीसेक वर्षांपूर्वी शेतावर असताना त्यांचा पाय मोडला. बटाटे काढायचे दिवस. शेजारच्या विल नावाच्या शेतकऱ्यानं दोन दिवस येऊन त्यांचे बटाटे काढून दिले. पाय बरा झाल्यावर सँडीकाकांनी त्याच्याकडे एक दिवस काम केलं. दुसरा दिवस द्यायच्या आत वेलिंग्टनला रेल्वेत नोकरी लागली आणि चार दिवसांत निघावं लागलं. सुट्टीत येऊन करतो, असं सांगून गेले. ती सुट्टी कधी झाली नाही.

"एक वर्ष गेलं की लाज वाटते," ते म्हणाले. "लाज वाटली की आणखी एक वर्ष जातं. विल वारला तेव्हा मी गेलो नाही. त्याची बायको आहे अजून तिथे. पत्र टाकलं तिला. उत्तर नाही."

मला माझ्या माहेरचं गाव आठवलं. आमच्याकडे पैरा करायचे. तू माझ्या भांगलणीला ये, मी तुझ्या मळणीला येते. पैशाचा संबंध नाही. पण दिलेला दिवस परत करायचा म्हणजे करायचाच. पैरा फेडला नाही तर माणसं तोंडावर काही बोलायची नाहीत, पण पुढच्या हंगामात बांधावर कुणी फिरकायचं नाही.

"आपण जायचं," मी ह्यांना मराठीत म्हटलं.

मंदारनं रात्री जेवताना खूप समजावलं. ऐंशी वर्षांचा माणूस, हृदयाच्या गोळ्या चालू, वाटेत काही झालं तर? बटाटे काढायला जाणार आहेत? ह्या वयात?

"काढता येतील की नाही ते तिथे बघू," मी म्हटलं. "तू गाडी देतोस की बसनं जाऊ?"

गाडी मिळाली. गाडीबरोबर एक मोबाईलही मिळाला, दर दोन तासांनी फोन करायच्या अटीवर.

बोट आणि किनारा

गाडी बोटीच्या पोटात घालायला ह्यांना फार मजा वाटली. तिकिटाच्या खिडकीतला पोरगेला कारकून "किया ओरा" म्हणाला. आपला रामराम, तसा तिथला माओरी नमस्कार. कागद बघून "स्वीट ॲज" म्हणाला. म्हणजे सगळं ठीक आहे. तसं ते निम्मंच ठीक होतं. खाडीबाहेर पडल्याबरोबर बोट सुपात पाखडल्यासारखी हलू लागली. मी अर्धा तास डोळे मिटून रामरक्षा म्हटली. सँडीकाका शेजारी बसून बटाट्याचे तळलेले काप खात होते.

पलीकडे पिक्टनला उतरलो की रस्ता समुद्राला धरून जातो. एका बाजूला डोंगर आणि दुसऱ्या बाजूला काळे खडक, खडकांवर सील मासे पसरलेले. मासे म्हटलं तर सँडीकाका रागावले, ते प्राणी आहेत म्हणाले. त्यांची थोबाडं मात्र जेवून लवंडलेल्या बामणासारखी. एप्रिल महिना, आपल्याकडे चैत्रपालवी, आणि इथे झाडं पिवळीधमक होऊन गळत होती.

रात्री क्राइस्टचर्चला मोटेलात उतरलो. खोलीत छोटी शेगडी होती. मी घरून धपाटे नेले होते, त्यांच्याबरोबर डाळ करावी म्हणून फोडणी टाकली. मोहरी तडतडते न तडतडते तोच छतावरची धुराची घंटा अशी कोकलायला लागली की आजूबाजूच्या खोल्यांतले लोक चपला घालून अंगणात आले. मालकीण धावत आली. हे स्टुलावर चढून पंच्यानं वारा घालताहेत, मी कढई घेऊन दारात उभी, आणि सँडीकाका शांतपणे तिला सांगताहेत, "लसूण आहे, बाई. आग नाही." तिला एक धपाटा दिला, तेव्हा गेली.

डनीडिनच्या पुढे

दुसऱ्या दिवशी सपाट मैदान संपता संपेना. मेंढ्या, गायी, पुन्हा मेंढ्या. मी वही काढली आणि कालचे शब्द विचारू लागले. तेव्हा त्यांनी 'ऑख्त' सांगितला. शेवटी घशातून 'ख्त' काढायचा. इथल्या इंग्रजी बोलणाऱ्यांना तो जमत नाही, मला पहिल्या फटक्यात जमला. ऑख्त म्हणजे देणं असणं. आणि ऑख्त म्हणजेच एखादी वस्तू आपली असणं.

"दोन्हीला एकच?" हे गाडी चालवता चालवता म्हणाले. "घोटाळा होत नाही?"

"माझी आजी दारात अनोळखी पोर दिसलं की विचारायची, 'व्हाज ऑख्त यी?' कुणाचा रे तू? म्हणजे तुझा मालक कोण, तुझी काळजी कुणाच्या अंगावर."

मी म्हटलं, आमच्याकडे देणं 'लागतो' म्हणतात आणि हा तुझा कोण 'लागतो' असंही विचारतात. काका मागे वळले. मग म्हणाले, "मग तुमच्या लोकांनाही माहीत आहे."

दुपारनंतर ते डुलक्या घेऊ लागले. डनीडिन मागे पडलं तशा हिरव्या टेकड्या जवळ आल्या. तिकडच्या माणसांच्या बोलण्यात र घोळलेला असतो. पेट्रोलपंपावरच्या बाईचा र ऐकूनच काका सावरून बसले. टापानुई नावाच्या लहानशा गावात मुक्काम केला. मी विचारलं, "विलच्या बायकोचं नाव काय?"

"आयला."

"आयला!" हे एकदम म्हणाले.

"आय, आयला," काका म्हणाले. त्यांच्या बोलीत 'आय' म्हणजे हो.

ह्यांना हसू आवरेना. आमच्याकडे 'आयला' केव्हा म्हणतात ते मला त्या थकल्या माणसाला समजावून सांगावं लागलं. दोन दिवसांत पहिल्यांदा ते पोट धरून हसले. मग गोळी घेऊन झोपायला गेले.

आयलाबाईंच्या दारात

सकाळी गवतावर दहिवर गोठलेलं होतं. साडेआठला आम्ही डोंगराच्या पायथ्याच्या एका फाटकाशी पोचलो. फाटक एका बिजागरीवर लोंबकळत होतं. मी उतरून ते उचलून बाजूला केलं. घरातून एक बुटकी, रुंद बाई गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून आली. हातात काठी. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत हे नंतर कळलं.

त्यांनी सँडीकाकांकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"विलला पुरलं तेव्हा तू नव्हतास."

"नव्हतो."

"मी वाट बघत होते. शेवटपर्यंत दाराकडे बघत होते."

"त्याचं एक डार्ग माझ्याकडे होतं, आयला. ते तसंच ठेवून त्याच्यापुढे उभं राहायचं मला झालं नाही."

बाईंनी वळून घराकडे पाहिलं. मला वाटलं, आता दार लावून घेणार. साडेआठशे किलोमीटर, मंदारचा आरडाओरडा, बोट, सगळं ह्या एका बाईच्या तोंडावर येऊन थांबलं होतं.

"किती वाजले?" त्यांनी विचारलं.

"साडेआठ."

"विल साडेसातला सुरू करायचा," त्या म्हणाल्या आणि काठी टेकत मागच्या बाजूला निघाल्या. "काटा गोठ्यात आहे. आठ सऱ्या आहेत. जमीन ज्याला खंडानं दिलीय त्याला वेळ झाला नाही."

काकांनी अंगातला कोट काढून फाटकावर टाकला. "संध्याकाळी तासभर जास्त करीन," ते म्हणाले.

लांब दांड्याचा चार दातांचा काटा होता. काकांनी पहिल्या सरीत तो रोवला, पायानं दाबला आणि उलथला. बटाटे वर आले, माखलेले, मुठीएवढे. पाच झाडांखालचे काढले. सहाव्याला काट्यावर भार टाकून नुसते उभे राहिले. तोंड पांढरं पडलं. हे धावले, त्यांना धरून पालथ्या खोक्यावर बसवलं. मी जिभेखालची गोळी दिली.

दहा मिनिटांनी रंग परत आला, तसे ते उठायला लागले.

"बस खाली," आयलाबाई म्हणाल्या. "पुष्कळ झालं. मानलं मी."

"पाच झाडांचं डार्ग होत नाही."

ह्यांनी काटा उचलला, तर काका ओरडलेच. "ठेवा तो! माझं काम दुसऱ्यानं केलं तर फिटलं कसं म्हणायचं?"

मग मला राहवलं नाही. बत्तीस वर्षं वर्गात उभी राहिलेली मी, आवाज चढला. "आमच्या गावात पैरा माणसाच्या नावावर नसतो, घराच्या नावावर असतो. माझे वडील तापानं फणफणलेले असताना आई गेली, आईला दिवस गेलेले असताना चुलता गेला. ज्याच्या घरचं माणूस बांधावर उभं राहिलं, त्याचा पैरा फिटला. कुणी कधी नाही म्हटलं नाही."

"तुम्ही माझ्या घरच्या नाही," काका हळू आवाजात म्हणाले.

आयलाबाई माझ्याकडे वळल्या. साडीवर स्वेटर, स्वेटरवर सुनेचा रेनकोट, पायात मंदारचे जुने बूट. त्यांनी मला वरून खाली पाहिलं आणि विचारलं, "व्हाज ऑख्त यी?"

त्यांचीही आजी स्कॉटलंडचीच असणार. मी सँडीकाकांकडे बोट दाखवलं. "ह्यांची."

काकांनी मान खाली घातली. आयलाबाई म्हणाल्या, "मग चालेल," आणि गोठ्यातून दुसरा काटा आणायला गेल्या.

आठ सऱ्या

हे उकरत होते, मी मागून बटाटे वेचत होते, आणि काका खोक्यावर बसून निवडत होते. मोठे एका पोत्यात, बारके दुसऱ्यात, काट्यानं फुटलेले बादलीत. बसूनही ते क्षणभर थांबले नाहीत. आयलाबाई अधूनमधून येऊन बघून जायच्या.

दुपारी त्यांनी बार्लीचं दाट सूप वाढलं. मी विचारलं, तर त्यात मेंढीचं हाड होतं. आम्ही मांस खात नाही म्हटल्यावर त्यांनी डोळे वटारले, सूप उचललं आणि पावाच्या चकत्यांत चीज आणि कांदा भरून, गुंडाळून, लोण्यावर खरपूस भाजून दिल्या. चीज रोल म्हणतात. ह्यांनी पाच खाल्ले. काट्याला माणूस लावला की पोटभर वाढायचं, ही रीत तिकडेही तीच.

तीनच्या सुमाराला बारीक पाऊस सुरू झाला. माती बुटांना चिकटून पाय मणामणाचे झाले. सहा सऱ्या झाल्या होत्या. ह्यांची कंबर धरली. "राहू दे आता," ते मला म्हणाले. "ती बाई स्वतः म्हणतेय मानलं म्हणून."

"दोन सऱ्या राहिल्यात."

"तुझं वय काय, माझं वय काय!"

"काटा इकडे द्या," मी म्हटलं.

पदर खोचून मी काटा घेतला. लहानपणी रताळी काढली होती, हाताला विसर पडला नव्हता. पायानं दाब, दांडा खाली, उलथ. दोन्ही तळव्यांना फोड आले आणि फुटले. खांदे भरून आले तेव्हा मनात पाढे म्हटले. एकोणतीसच्या पाढ्यापाशी सातवी सरी संपली. मग हे पुन्हा उठले, आणि शेवटच्या सरीला आम्ही दोघं दोन टोकांनी सुरुवात केली. काका पावसात डोक्यावर पोतं घेऊन निवडतच होते.

उजेड जायच्या बेतात असताना आमचे काटे मध्ये एकमेकांना भिडले.

आयलाबाई काठी घेऊन आल्या. आठही सऱ्यांतून चालत गेल्या. चौथ्या सरीत काठीनं माती टोकरली आणि राहिलेला एक बटाटा उचलून काकांकडे फेकला. त्यांनी तो झेलला आणि पोत्यात टाकला.

"आता झालं," त्या म्हणाल्या आणि त्यांनी हात पुढे केला. काकांनी तो दोन्ही हातांत धरला. बराच वेळ कुणीच सोडला नाही. मी आणि हे बादल्या उचलून घराकडे आलो.

त्या रात्री आम्हाला त्यांनी मोटेलात जाऊ दिलं नाही. मी नव्या बटाट्यांची भाजी केली. फोडणीआधी सगळ्या खिडक्या उघडल्या.

परतताना

सकाळी निघायची तयारी करून मी काकांच्या खोलीत गेले, तर अंथरूण घडी घातलेलं. घराबाहेर धावले. ते फाटकापाशी खोक्यावर बसून बिजागरीचे गंजलेले स्क्रू काढत होते. शेजारी तेलाची बाटली. आयलाबाई फाटक धरून उभ्या होत्या आणि स्क्रू कसा फिरवावा ह्यावर सूचना देत होत्या.

"काका, निघायचंय ना?"

"तुम्ही व्हा पुढे," ते म्हणाले. "कालचं विलचं होतं. हे मला करावंसं वाटतंय." मग हाताच्या पाठीनं नाक पुसून म्हणाले, "कोंबड्यांच्या खुराड्याचं छपरही उडालंय."

"ती गॉरला राहणारी माझी मुलगी सोडील त्याला विमानावर," आयलाबाई म्हणाल्या. "गुरुवारी. मी बघते गोळ्यांचं."

गोळ्यांची डबी मी त्यांच्या हातात दिली आणि कुठली कधी ते दोनदा म्हणवून घेतलं. त्यांनी गाडीत बटाट्यांचं अर्धं पोतं ठेवलं. नको म्हटलं तर ऐकायला तयार नव्हत्या.

डोंगरांमध्ये मोबाईल लागत नव्हता. क्लिंटन गाव आलं आणि तो एकदम वाजला.

"आई! कालपासून एक फोन नाही! बरे आहात ना सगळे?"

"बरे आहोत."

"सँडी? त्यांना दे फोन."

"ते गाडीत नाहीत."

"आई, गाडीत नाहीत म्हणजे? कुठे आहेत ते?"

"कामावर गेलेत," मी म्हटलं.